कोंडिबाची पुरती दवंडी

कुसळवाडी नावाच्या एका गावात एक भोळा शिपाई होता. त्याचं नाव कोंडिबा. ग्रामपंचायतीचं कार्यालय झाडायचं, माठात पाणी भरायचं आणि दवंडी द्यायची, ही त्याची कामं. पूर्वी दवंडी गल्लोगल्ली फिरून द्यावी लागे. आता पंचायतीच्या गच्चीवर चारी दिशांना तोंडं करून भोंगे बसवले होते. खाली बसून कोंडिबानं माईक हातात धरला की त्याचा आवाज थेट शेताच्या बांधापर्यंत जायचा. आवाज मोठा खणखणीत. त्या बाबतीत देवानं हात आखडता घेतला नव्हता. अकलेच्या बाबतीत मात्र घेतला असावा.

तसा कोंडिबा आळशी नव्हता. सांगितलेलं काम तो मन लावून करायचा. अडचण एवढीच, की जेवढं सांगितलं तेवढंच करायचा, आणि एकदा शिकलेला धडा भलत्याच ठिकाणी वापरायचा. सरपंच इंदुताई एकदा म्हणाल्या, "मी येईपर्यंत इथून हलू नका," आणि माहेरच्या जत्रेला निघून गेल्या. जत्रा उरकून परत आल्या, तर कोंडिबा त्याच पायरीवर बसलेला. बायको तिथंच त्याला भाकरी आणून देत होती.

ती बायको म्हणजे हौसा. नवऱ्याच्या वाटची अक्कलही देवानं तिच्याच पदरात टाकली होती. ती गावाचा मसाला कुटून द्यायची. उखळात मुसळ घालून वर्षानुवर्षं कुटत आली होती, त्यामुळं तिचे खांदे आता रोज ठणकायचे. मिरची कांडपाचं यंत्र घ्यायचं, एवढंच तिचं स्वप्न होतं. त्यासाठी तिनं पैसा पैसा करून दोघांच्या नावच्या खात्यात रक्कम साठवली होती. तालुक्याच्या दुकानदाराशी बोलणं झालं होतं. पडवीतला कोपरा मोकळा करून, सारवून ठेवला होता. फक्त यंत्र यायचं बाकी होतं.

आणि एके दिवशी कोंडिबाच्या मोबाईलवर फोन आला.

"वीज कंपनीतून बोलतोय, काका. तुमचं बिल थकलंय. आज वीज तोडावी लागेल."

"बिल तर भरलंय."

"मग नोंद झाली नसेल. आत्ता एक मेसेज येईल. त्यातला नंबर सांगा, मी इथं नोंद करतो."

मेसेज आला. कोंडिबानं नंबर सांगितला. एकेक आकडा सुटा सुटा, दवंडीच्या आवाजात. वर विचारलं, "बरोबर सांगितला ना?"

"अगदी बरोबर," तो माणूस म्हणाला.

कोंडिबाला बरं वाटलं. आपलं काम बरोबर झालं असं त्याला फारसं कुणी म्हणत नसे. घरी जाऊन त्यानं हौसाला ही गोष्ट कौतुकानं सांगितली. हौसानं हातातलं मुसळ ठेवलं, मोबाईल घेतला आणि त्यानंतर आलेला मेसेज वाचला. खातं पुसून काढल्यासारखं रिकामं झालं होतं.

ती सारवलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "चला बँकेत. आत्ताच्या आत्ता."

बँकेत बनसोडे मॅडम होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खात्यातून आणखी काही जाऊ नये म्हणून आधी खातं बंद केलं. मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या एकोणीसशे तीस या नंबरावर फोन लावून तक्रार नोंदवली. ओटीपी सांगून फसलेलं माणूस लाजेनं घरात बसतं आणि तेवढ्यात पैसे दहा खात्यांमधून फिरून पसार होतात, असं त्या म्हणाल्या.

"तुम्ही लगेच आलात, म्हणून आशा आहे," त्यांनी हौसाला धीर दिला. मग कोंडिबाकडे वळल्या. "आणि तुम्ही. अनोळखी नंबरवरून फोन आला की कापून टाकायचा. एक अक्षर बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं," कोंडिबा म्हणाला.

दुपारी फोन आला. नंबर अनोळखी होता. कोंडिबानं कापला. पुन्हा आला. पुन्हा कापला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. कोंडिबानं तर ताकाचं भांडंच पालथं घातलं. उन्हं कलेपर्यंत तो फोन कापत बसला होता.

शेवटी दारात मोटरसायकल थांबली आणि घामाघूम झालेले शेडगे हवालदार उतरले. तक्रारीचा तपास त्यांच्याकडे आला होता.

"कोंडिबा तुम्हीच का? अहो, दुपारधरनं फोन लावतोय. कापताय कशाला?"

कोंडिबानं मोबाईल पाठीमागं लपवला.

"तुमचेच पैसे गेलेत ना?"

कोंडिबानं ओठ घट्ट मिटले. माणूस अनोळखी होता, आणि एक अक्षर बोलायचं नव्हतं.

"ह्यांना बोलता येतं ना?" हवालदारांनी हौसाला विचारलं.

"येतं," हौसा म्हणाली. "नको तिथं लई येतं."

तिनंच सगळी हकिगत सांगितली. हवालदारांनी मोबाईल पाहिला, मेसेज पाहिले आणि निघताना कोंडिबाला बजावलं, "हे मेसेज पुसू नका. हा पुरावा आहे. जे जसं दिसतंय ते तसंच राहू द्यायचं. हात लावायचा नाही. फोटो काढून ठेवायचा, बस्स."

"फोटो काढायचा," कोंडिबा म्हणाला. हा धडा त्याला आवडला, कारण त्यात बोलणं नव्हतं आणि मारामारीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी हौसानं अंगणात मसाल्याचं सामान वाळत घातलं. धणे होते, खोबरं होतं, तीळ होते. सगळं पोलीस पाटलांच्या घरचं. "जरा लक्ष ठेवा," असं सांगून ती नळावर गेली. ती वळते न वळते तोच शेजारची शेळी आली आणि खोबऱ्यात तोंड घालून उभी राहिली.

कोंडिबानं शेळी पाहिली. जे जसं दिसतंय ते तसंच राहू दिलं. हात लावला नाही. मोबाईल काढला आणि फोटो घेतला. शेळी खोबऱ्यावरून धण्यांवर गेली, तेव्हा बाजूनं एक घेतला. तिळांपाशी आली, तेव्हा अंगणाबाहेर जाऊन लांबून एक घेतला, म्हणजे सगळी शेळी मावली.

हौसा कळशी घेऊन आली तेव्हा अंगणात नुसती चादर उरली होती आणि शेळी ढेकर देत होती.

"अहो, ही सारं खात व्हती तवा तुम्ही काय करत व्हता?"

"पुरावा जपत होतो," कोंडिबा म्हणाला आणि मोबाईल पुढं केला. "बघ की. डोळे किती झ्याक आल्यात तिचे."

हौसानं कपाळाला हात लावला. बँकेतले गेले होतेच, आता पाटलांचं सामान भरून द्यायचं होतं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

"नुकसान हुताना दिसलं की बघत बसायचं न्हाई," ती म्हणाली. "धावायचं. वरडायचं. दुसऱ्याच्या तोंडात चाललेलं वढून घ्यायचं. ध्यानात ऱ्हाईल का?"

"राहील," कोंडिबा म्हणाला. आणि त्याच्या खरंच ध्यानात राहिलं. तीच तर पंचाईत होती.

दोन सह्या करायच्या राहिल्या होत्या, म्हणून बनसोडे मॅडमनी त्याला बँकेत बोलावलं. कोंडिबा बाकावर बसला. समोर काचेपाशी एक म्हातारी उभी होती. तिनं कनवटीची पुरचुंडी सोडली, त्यातल्या नोटा काढल्या आणि काचेआडच्या माणसाला दिल्या. त्या माणसानं त्या मोजल्या, स्वतःच्या खणात टाकल्या, आणि म्हातारीच्या हातावर काय ठेवलं? कागदाचा एक चिटोरा.

कोंडिबा बाकावरून उठला. बिचारीचं नुकसान होत होतं, तेही दिवसाढवळ्या, आणि सगळी बँक बघत बसली होती.

तो धावला. ओरडला. काचेच्या फटीतून कोपरापर्यंत हात घातला आणि खणातल्या नोटा ओढून घेतल्या. "घ्या आजी," म्हणाला, "आणि पळा."

आजी पळाल्या नाहीत. त्यांनी छत्रीनं कोंडिबाला झोडपलं, कारण त्या पैसे भरायला आल्या होत्या आणि त्यासाठी तासभर रांगेत उभ्या होत्या. पहारेकऱ्यानं त्याला धरलं. बनसोडे मॅडम धावत आल्या. त्यांनी सगळ्यांची माफी मागितली, कोंडिबाला खुर्चीत बसवलं आणि स्वतःही दुसऱ्या खुर्चीत बसल्या. त्यांना बसणं गरजेचं होतं.

"कोंडिबा," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दिसेल त्याच्यावर झडप घालायची नसते. आधी विचारायचं, तुम्ही कोण? मग म्हणायचं, ओळखपत्र दाखवा. ओळखपत्र पाहिल्याशिवाय कुणाला जवळही करायचं नाही."

"ओळखपत्र," कोंडिबा म्हणाला. पाठ चोळत घरी आला.

इकडे घडलं असं, की लेकीचे पैसे गेल्याची बातमी हौसाच्या आईच्या कानावर गेली. म्हातारीला चैन पडेना. तिनं गाठीला बांधून ठेवलेली रक्कम लुगड्याच्या पदरात घेतली, भाजी-भाकरी बांधून घेतली आणि वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून लेकीच्या गावी आली. हौसा पाटलांकडे सामान पोचवायला गेली होती. दारात कोंडिबा होता.

"तुम्ही कोण?" त्यानं विचारलं.

सासूला वाटलं, जावई थट्टा करतोय. "मी व्हय? मी पंतपरधानाची आई," असं म्हणून ती हसली.

"ओळखपत्र दाखवा."

"आवं जावई, म्या हौसाची आई."

"तसं तुम्ही म्हणताय, मामी. पण ओळखपत्र पाहिल्याशिवाय मला तुम्हाला जवळ करता येत नाही."

"मामी म्हणताय की मला."

"मामी तर तुम्ही आहातच. पण ओळखपत्र?"

ओळखपत्र घरी पत्र्याच्या पेटीत होतं. म्हातारीनं उंबऱ्यावर टेकवलेलं भाकरीचं गाठोडं उचललं, पदराची गाठ पुन्हा आवळली आणि त्याच जीपनं परत गेली. पदरातली रक्कमही अर्थात परत गेली.

हौसाला हे कळलं तेव्हा ती नवऱ्यावर ओरडलीसुद्धा नाही. आई दारातून उपाशी गेली याचं तिला फार वाईट वाटलं. पैशांपेक्षाही जास्त. ती उखळापाशी जाऊन बसली आणि तिथूनच म्हणाली, "दारी आलेल्या माणसाला कुणी असं घालवतं का? आधी या म्हणावं, बसा म्हणावं, च्या इचारावा. जातो म्हणालं तरी जाऊ द्यू नाय. थांबवून घ्यावं."

"थांबवून घ्यावं," कोंडिबा म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं. सासूचा त्याला लोभ होता. तिच्या हातची भाजी तर त्याला फारच आवडायची. हौसाचं यंत्र यावं, तिचे खांदे दुखायचे थांबावेत, असं त्याला मनापासून वाटत होतं. तो वाकडा माणूस नव्हता. फक्त त्याची सरळ रेष भलतीकडे जायची.

पण देव भोळ्याच्या पाठीशी असतो म्हणतात. थोड्याच दिवसांत शेडगे हवालदारांची मोटरसायकल पुन्हा दारात थांबली. त्यांचा चेहरा हसरा होता. हौसाचे पैसे चोराला काढताच आले नव्हते. ते मधल्या एका खात्यात अडकवून ठेवले होते, आणि आता कायदेशीर सोपस्कार होऊन परत येत होते. सगळेच्या सगळे.

हौसानं देवापुढं साखर ठेवली. तीच साखर हवालदारांच्या हातावर ठेवली. त्याच दिवशी तिनं दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, परवा यंत्र घेऊन येतो, पैसे आल्यावर द्या.

"नशीबवान आहात," हवालदार म्हणाले. "पण असली माणसं एकदा फसलेल्याला पुन्हा गाठतात. बँकेतून बोलतो म्हणतील, पोलीस म्हणतील. मेसेजमध्ये आलेला नंबर फोनवर कुणाला सांगायचा नाही. मला नाही, मॅडमना नाही, कुणालाच नाही. आणि कोंडिबा, तुमच्या हातात भोंगा आहे. गावाला सांगा, सावध राहा म्हणून."

कोंडिबा तडक पंचायतीत गेला. माईक घेतला.

"ऐका हो ऐका. समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं, की सावध राहा. पुन्हा सांगतो, सावध राहा."

आणि माईक बंद केला. जेवढं सांगितलं होतं तेवढं झालं होतं.

कुसळवाडीच्या चहूबाजूंनी ऊस. अशा गावात भोंग्यावरून 'सावध राहा' म्हटलं की त्याचा एकच अर्थ होतो. बिबट्या. बायकांनी पोरं उचलून घरात घेतली. गडी माणसं उसातून काठ्या टाकून पळाली. शाळेनं दारं लावली. दूध घेऊन कुणी डेअरीवर फिरकेना. कुणीतरी तालुक्याला कळवलं, तिकडून पिंजरा आला, आणि सकाळी त्यात इंदुताईंचा कुत्रा सापडला.

इंदुताईंनी कुत्रा सोडवून घेतला आणि कोंडिबाला बोलावलं.

"कोंडिबा, दवंडी अर्धी देतात का? कशापासून सावध, कुणी सावध, काही नको सांगायला? दवंडी द्यायची तर पुरती द्यायची. कोण, कशासाठी, कोणतं, कितवं, सगळं सांगायचं. ऐकणाऱ्याच्या मनात एकही प्रश्न राहता कामा नये."

"पुरती द्यायची," कोंडिबा म्हणाला. इतक्या वर्षांत आपण दवंडी अर्धी देत होतो हे कळून तो खजील झाला. पुढची दवंडी अशी द्यायची की गावानं नाव काढावं, असं त्यानं ठरवलं.

पैसे खात्यात जमा झाले. खातं पुन्हा सुरू झालं. दुपारी यंत्र येणार होतं. हौसानं कोपरा पुन्हा सारवला आणि यंत्राला वाहायला फुलं आणून ठेवली. रुसलेल्या आईला निरोप धाडला होता, तीही यायची होती. कोंडिबा पंचायतीत माठ भरत होता. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला.

"काका, बँकेतून बोलतोय. तुमचे पैसे परत आलेत, अभिनंदन. आता एक मेसेज येईल. त्यातला नंबर सांगितला की खातं पक्कं होईल."

आवाज तोच होता. कोंडिबानं बरोबर ओळखला. आयुष्यात पहिल्यांदा तो सावध होता, आणि कशापासून सावध हेही त्याला ठाऊक होतं.

मेसेज आला.

"आला का, काका? सांगा नंबर."

"नाही सांगणार," कोंडिबा म्हणाला. "तुम्ही भामटे आहात."

"बरं," तो माणूस म्हणाला. "मग ठेवतो फोन."

"अहो, असं कसं?" कोंडिबा घाईनं म्हणाला. आलेल्या माणसाला तो आता तसंच घालवणार नव्हता. सासूचं प्रकरण ताजं होतं. "आलात तसे जाऊ नका. थांबा जरा. मला एवढं एक काम आहे, ते उरकतो, मग बोलत बसू."

भामट्याला आजवर शिव्या मिळाल्या होत्या, शाप मिळाले होते. थांबा असं कुणी म्हटलं नव्हतं. तो थांबला.

कोंडिबानं मोबाईल उताणा करून सदऱ्याच्या खिशात ठेवला, पाहुण्याला गुदमरायला नको म्हणून. मग माईक घेतला. हा माणूस आपल्याला नंबर विचारून दमला की गावात आणखी कुणाला तरी विचारणार, हे उघड होतं. गावाला सांगून ठेवायला हवं होतं. पण 'नंबर सांगू नका' एवढंच सांगितलं, तर लोक म्हणणार, कोणता नंबर? ती अर्धी दवंडी झाली असती.

"ऐका हो ऐका. समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येतं, की एक भामटा आत्ता या घडीला फोनवर आहे. त्याला कोंडिबा शिपायाच्या मोबाईलवर आलेला नंबर पाहिजे आहे. तो नंबर खालीलप्रमाणे. चार. एक. शून्य. सात. सात. तीन. हा नंबर कुणीही, कोणत्याही परिस्थितीत, त्या माणसाला सांगू नये. ज्यांना ऐकू आला नसेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. चार. एक. शून्य. सात. सात. तीन. सांगणाऱ्यावर पंचायतीतर्फे कारवाई होईल."

घरी हौसाच्या हातातली फुलं खाली पडली. ती तशीच अनवाणी धावत सुटली. पंचायतीच्या दारात पोचली तेव्हा तिला धाप लागली होती, शब्द फुटत नव्हता. नुसतेच हात हलवून ती माईक बंद करायला सांगत होती. कोंडिबानं माईक केव्हाच बंद केला होता. त्यानं तिला हातानंच 'थांब' म्हटलं, कारण पाहुणा ताटकळत होता, आणि मोबाईल खिशातून काढून कानाला लावला.

"आलो बघा," तो अभिमानानं म्हणाला. "आता खुशाल अख्ख्या गावात विचारत फिरा. एक माणूस तुम्हाला नंबर सांगणार नाही."

"आता कुणाला विचारायची गरज नाही, काका," पलीकडून आवाज आला. "तुमच्या दवंडीत काही म्हणता काही सुटलं नाही."

फोन ठेवला गेला. लगोलग मेसेज वाजला. हौसानं तो वाचला आणि ती पंचायतीच्या पायरीवर मटकन बसली.

कोंडिबा तिच्या शेजारी बसला. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघ हौसा," तो म्हणाला, "इंदुताई उगाच नावं ठेवतात. चोरसुद्धा म्हणाला, दवंडी पुरती झाली."